नवीन पाटी म्हणजे दुकान विकलं

थालीपिठाची भाजणी घ्यायला गेले होते, गिरगावात, नेहमीच्याच दुकानात. काका गल्ल्यावर बसलेले आणि त्यांचा मुलगा (आता दुकान तोच बघतो) मोबाईल पुढे करत म्हणाला, ताई जरा बघ ना, यातलं कुठलं बरं वाटतं. पाटीवाल्यानं व्हॉट्सॲपवर तीन प्रूफं पाठवली होती. एक काळ्यावर सोनेरी, एक लाकडासारख्या दिसणाऱ्या शीटवर पांढरी अक्षरं, आणि तिसरं पिवळ्यावर मरून, ते बघून मला कुठल्यातरी पतसंस्थेची आठवण झाली. मी आपलं दुसऱ्यावर बोट ठेवलं. तेवढ्यात काका म्हणाले, "पाटीला एवढा खर्च कशाला? लोकांना माहितीये आपलं दुकान." मुलगा मान वर न करता म्हणाला, "बाबा, ज्यांना माहितीये ते डोंबिवलीला गेले."

काका काही बोलले नाहीत, माझी अर्धा किलो भाजणी तोलून पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि पिन मारली.

घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. मुलगा काही रागानं बोलला नव्हता, साधा हिशोब सांगितला त्यानं, आणि तो बरोबरच होता म्हणून तर जास्त लागलं. आमच्याच मजल्यावर बघा ना, अर्ध्या खोल्यांना कुलपं आहेत नाहीतर भाडेकरू आहेत, मूळची माणसं डोंबिवली, बोरिवली, विरार अशी रेल्वेच्या दोन्ही लायनींवर पसरलीत. आणि मग मला वाटायला लागलं की जगन्नाथ शंकरशेट रोडवर, म्हणजे आमच्या गिरगावातल्या मुख्य रस्त्यावर, लहानपणापासून इतक्या वेळा चालले मी, पण दुकानांच्या पाट्या कधी वाचल्या का? आई सांगायची, त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याकडून खोबरं आण, शेजारच्याकडून नको, तो खवट देतो. त्या म्हाताऱ्याच्या दुकानाचं नाव काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पत्ते सांगायची पद्धतसुद्धा तशीच, "मॅजेस्टिकच्या समोर" असं माझ्या पिढीची माणसंही सर्रास म्हणतात आणि मॅजेस्टिक सिनेमा पाडला त्याला पन्नासेक वर्षं झाली, आमच्यातल्या कित्येकांनी तो बघितलेलाच नाही. फणसवाडीत फणस नाही म्हणून कुणाचं अडतं का. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं पाटी नुसती वर टांगलेली असते, कबुतरांना बसायला.

पण मग लोक पाट्या करून घ्यायचेच की, आणि हौसेनं करायचे. मुगभाटात आमच्या चाळीच्या खाली एक पेंटर यायचे, त्यांना पाटी रंगवताना बघत मी शाळेची अख्खी दुपार घालवलेली आहे. आधी जुना रंग खरवडायचा, मग पॉलिश पेपर, मग बेसचे दोन हात, ते वाळेपर्यंत समोरच्या हॉटेलात चहा. मग खडूच्या पावडरीत घोळवलेली दोरी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडून द्यायची, टण्ण आवाज यायचा आणि पत्र्यावर सरळ रेघ. खालची रेघ तशीच. त्या दोन रेघांमध्ये खडूनं अक्षरं नुसती सुचवल्यासारखी काढायचे, वीत टेकवून अंदाज घेत, आणि मग ब्रश. उजवा हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात एक काठी आडवी धरलेली, तिच्यावर मनगट टेकलेलं. 'श्री'ची वेलांटी काढताना ते श्वास रोखायचे, हे मला पक्कं आठवतंय कारण मीही रोखायचे. शेवटी अक्षराच्या एका अंगाला गडद रंगाची शेड द्यायचे, तेव्हा अक्षर पत्र्यापासून सुटून बाहेर आल्यासारखं दिसायचं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात त्यांची सही आणि चाळीचं नाव. हा त्यांचा जाहिरातीचा खर्च, शून्य रुपये.

हे सगळं लिहिताना गळा वगैरे दाटून येतो माणसाचा आणि मग तो "गेले ते दिवस" लिहितो. मला तसं लिहायचं नाहीये. कारण त्या रंगवलेल्या पाट्या काही रस्त्याखालून आलेल्या मेट्रोनं घालवल्या नाहीत, त्या त्याच्या कितीतरी आधी फ्लेक्सनं घालवल्या, आणि तेव्हा आम्ही कुणी हूं की चूं केलं नाही. सकाळी ऑर्डर, संध्याकाळी पाटी, ती पण फोटोसकट. मालकाचा फोटो, साईबाबा, दोन मोबाईल नंबर, आणि कधी तर अर्धी पाटी कोल्ड्रिंकची, कारण कंपनी फुकट लावून द्यायची, त्यांचं नाव हातभर आणि दुकानाचं नाव बोटभर. फ्लेक्स उन्हात सगळा सारखा उडत नाही, लाल आणि पिवळा आधी जातो आणि निळा मागे राहतो, त्यामुळे तीनचार पावसाळ्यांत आमच्या रस्त्यावरचे सगळे देव निळे झाले होते, जिलबीसुद्धा निळी. त्या पाट्या उतरल्याचं मला काडीचं दुःख नाही.

आणि मग आले पत्रे.

मेट्रो तीनच्या कामाला रस्त्याच्या मधोमध पत्रे लागले ते सातआठ वर्षं तरी हलले नाहीत, मधे करोना येऊन गेला तो वेगळाच. आमचा रस्ता मुळात अरुंद, म्हणून तर गिरगाव आणि काळबादेवीच्या स्टेशनांचा बराचसा भाग वरून न खणता आतून बोगद्यासारखा कोरून काढावा लागला. काही इमारती गेल्या, माणसं संक्रमण शिबिरात गेली. ज्या दुकानांच्या तोंडावर पत्रा आला त्यांच्या आणि पत्र्याच्या मधे एक माणूस चालेल एवढी वाट, समोरून छत्री आली की कुणीतरी एकानं दुकानात शिरायचं. रस्त्यावरून दुकान दिसेनाच. तेव्हा, म्हणजे मला वाटतं पहिल्यांदाच, या रस्त्यावरच्या दुकानदारांना पाटीची खरी गरज पडली, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं भागवली. पुठ्ठा, प्लायचा तुकडा, जे हाताला लागेल त्याच्यावर मार्करनं "दुकान चालू आहे", खाली बाण. "आतून रस्ता आहे." "पत्र्याच्या मागे या." एकानं नुसतंच लिहिलं होतं, "आहोत." तारेनं बांधलेल्या पाट्या त्या, पावसात शाई ओघळायची, की पुन्हा नवीन. अक्षर कुणाचंच चांगलं नव्हतं. पण त्या पाट्या मात्र मी एक ना एक वाचल्या.

८ ऑक्टोबर २०२५ ला शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवसापासून गाडी कफ परेडपर्यंत जायला लागली, आणि दिवाळी तोंडावर होती. सरकत्या जिन्यावरून माणसं वर येतात, उन्हात डोळे बारीक करतात आणि डावीकडे जायचं की उजवीकडे ते न कळून थांबतात, हे दृश्य आम्हाला नवीन होतं. गिरगावात येऊन कुणी गोंधळून उभं राहत नसे. आता राहतात. अंधेरीची असतात, मरोळची असतात, कुणी नुसती गाडी बघायला आलेली असतात, आणि ती मान वर करून पाट्या वाचतात! पाट्या बदलायची साथ आली ती यानंतर. एकानं केली की शेजारचा जुनाट दिसायला लागतो, मग तो करतो, मग समोरचा. पत्र्याच्या वेदरशेड गेल्या, ताडपत्र्या गेल्या, रंगीत ॲक्रिलिकची उठावाची अक्षरं आली, मागून एलईडी. संध्याकाळी सातच्या सुमाराला आता ठाकुरद्वारच्या नाक्यावरून बघितलं तर रस्ता खरंच देखणा दिसतो, आणि हे मी कुरकुरत म्हणत नाहीये. पत्र्यांच्या काळात याच वेळेला इथून एकटीनं जाताना मी मोबाईलचा टॉर्च लावायचे.

पाट्या मराठीत आहेत, हे सांगायला हवं का? कायदा २०२२ मध्ये बदलला, तोपर्यंत दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेली दुकानं त्यातून सुटायची, ती पण आत आली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. मग व्यापारी कोर्टात, आणि २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली. आमच्या रस्त्याला तसा मराठीचा तोटा कधीच नव्हता, पण इथंही मधल्या काळात इंग्रजी नाव वर ऐसपैस बसलेलं आणि मराठी कोपऱ्यात अंग चोरून, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं होतं. ते सुधारलं. मात्र कायदा अक्षराची उंची मोजतो, वळण मोजत नाही. नव्या पाट्यांवर 'ल' बघा, दांडीचा, हिंदी वळणाचा. 'श' गाठीचा. शासनाचा २००९ चा जीआर आहे की मराठीत ल पाकळीचा आणि श देठाचा, पण पाटीवाल्याच्या कॉम्प्युटरवर जो फॉन्ट आहे तो आहे, तो जीआर वाचत बसत नाही. आमच्या पेंटरकाकांना असला जीआर कुणी दाखवला नसेल, पण त्यांच्या ल ला दोन पाकळ्या असायच्याच, डावी थोडी मोठी. गंमत म्हणजे हल्ली हॉटेलवाल्यांना हाताच्या अक्षराचा सोस आलाय. यात्रा वन नावाचा एक फुकट फॉन्ट मिळतो, तो मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, तो लावायचा की झाली पाटी जुन्या वळणाची. आधी पेंटर घरी बसवला आणि आता त्याच्या हाताचा फॉन्ट करून लावतोय. पण अक्षर छान आहे हं, उगाच नावं ठेवणार नाही.

काकांच्या मुलाशी एकदा अनुस्वारावरून बोलणं झालं. मला माहीत नव्हतं, इंग्रजी नाव मशीनवर कापलं की एकेक अक्षर सुटं येतं, ते ओळीत लावताना हमखास तिरकं होतं. मराठीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, वर स्क्रू मारला की बसला, कारागीर खूष. फक्त अनुस्वार सुटा. तो एवढासा गोल ठिपका, त्याला वेगळी पिन किंवा नुसता गोंद, आणि आतला दिवा असला तर तेवढ्या ठिपक्यासाठी वेगळी वायर. त्यामुळे पहिल्या पावसाळ्यात जे पडतं ते अनुस्वार. रस्त्यावर चालत गेलात तर दिसेल, कुठं 'भांडार'चं 'भाडार' झालंय, कुठं ठिपका आहे पण पेटत नाही म्हणून दिवसा एक नाव आणि रात्री दुसरं. मुलगा म्हणाला, आपल्या नावात अनुस्वार नाही, वाचलो. काका मागून म्हणाले, तुझ्या आजोबांनी विचार करूनच नाव ठेवलं होतं.

पैशाचं मात्र मला उशिरा लक्षात आलं. मी नेहमी म्हणायचे, एवढी वर्षं चांगला धंदा करतात आणि दुकानाला साधा रंग काढत नाहीत, काय हा चिक्कूपणा. पण इथली बहुतेक दुकानं पगडीची (जागा घरमालकाची, दुकानदार जुना भाडेकरू), इमारती १९४० च्या आधीच्या, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या), म्हणजे दुरुस्ती मंडळ आज टेकू लावतंय आणि उद्या बिल्डर येतोय, किंवा येत नाहीये, पंधरा वर्षं नुसत्या मीटिंगा चालल्यात. जी भिंत आपली नाही आणि राहणार की नाही ते ठाऊक नाही, तिच्यावर लाखभर रुपये कोण लावेल? जुनी पाटी कधीकधी दुकानाच्या तुळईवरच रंगवलेली असायची, इमारत गेली की पाटीपण गेली. ही नवी शीटची पाटी फ्रेमवर असते, चार स्क्रू काढले की उतरवून टेम्पोत टाकता येते. मुलानं हे मला अगदी सहज सांगितलं, उद्या रिडेव्हलपमेंट लागलं तर वर्षादोन वर्षांसाठी जिथं गाळा मिळेल तिथं हीच लावू. म्हणजे एवढ्या झगमगाटात ज्याला त्याला स्क्रू कुठं आहेत ते माहीत आहे.

नव्या पाटीबरोबर काचेचं दारही आलं आणि आत एसी. आणि ते मला आवडलं नाही, इथं मी काकांच्या बाजूनं. या दुकानाची खरी पाटी म्हणजे वास होता. सकाळी दळून आलेल्या भाजणीचा गरम, धणेजिऱ्याचा वास, त्याच्यात मेतकुटाचं हिंग, तळाशी आमसुलांचा आंबटपणा, पलीकडच्या फुटपाथवरनं चालणाऱ्यालाही कळायचं की आपण कुठं आलो. आता काचेच्या आत वास कोंडलेला आणि रस्त्यावर फक्त प्रकाश. शिवाय रस्ता सिमेंटचा होताना वर आला, त्यामुळे जिथं आधी पायऱ्या चढून ओट्यावर टेकता यायचं, पिशवी ठेवून दोन शब्द बोलता यायचे, तिथं आता ओटाच उरला नाही, पाय खाली टाकून आत उतरायचं. काकांनी दारावर उपाय काढलाय, पाच किलोचं वजन दाराशी लावून ते उघडं ठेवतात. मुलगा येतो, वजन उचलून आत ठेवतो, एसीचं बिल, धूळ. तो जेवायला गेला की वजन पुन्हा दारात.

संक्रांतीच्या आधी आत्या आली, डोंबिवलीची. सीएसएमटीला उतरून मेट्रोनं, काळबादेवी सोडून पुढचं स्टेशन, "अगं पाच मिनिटांत, आणि घाम नाही!" असं दहा वेळा सांगून झालं. वाण लुटायला काहीतरी छोटंमोठं घ्यायचं होतं आणि भाजणी. तिला म्हटलं मी चाळीखालून येते, तू पुढं हो. मी पोचले तर ही बाई दुकानाच्या समोरच्या फुटपाथवर उभी, पर्स छातीशी धरून, आत जायला तयार नाही. म्हणाली, "विकलं का गं त्यांनी? मारवाड्यानं घेतलं का कुणी?" मी म्हटलं नाही गं, तेच आहेत. तर म्हणे मग पाटी का नवीन? आणि तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही आयुष्यभर हेच बघत आलोय की गिरगावात पाटी बदलली म्हणजे माणूस बदलला. खाणावळीचं मोबाईलचं दुकान झालं, पुस्तकांच्या दुकानाचं कपड्यांचं झालं, प्रत्येक वेळेला आधी पाटी उतरली. चालू दुकान उगाच स्वतःचं तोंड कशाला बदलेल?

आत गेल्यावर तिनं हे काकांना तोंडावर सांगितलं. काका हसले, म्हणाले, तुम्ही एकट्या नाही, गेल्या आठवड्यात एकजण परत गेले म्हणे, त्यांच्या मुलीनं नंतर फोन केला. मुलगा जरा ओशाळला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा त्या चकचकीत काचेवर, आतून, एक कागद सेलोटेपनं चिकटवलेला होता आणि त्यावर काकांच्या हातचं, मार्करनं, थोडं उताराला लागलेलं: "दुकान तेच आहे. मालक तेच आहेत." मुलाचं म्हणणं की एवढा खर्च करून फ्रंट केला आणि त्याच्यावर हा कागद, नीट प्रिंट तरी काढू. काकांचं म्हणणं प्रिंट काढली तर कोण विश्वास ठेवेल. दोघांचंही मला पटतं, आणि दोघंही मला साक्षीला बोलावतात, म्हणून हल्ली मी गर्दी असतानाच जाते.

आत्या त्या दिवशी खरेदी झाल्यावर लगेच निघाली नाही. चल जरा प्रार्थना समाजापर्यंत जाऊन येऊ म्हणाली, आणि वाटेत एकेक पाटी मोठ्यानं वाचत निघाली, पहिलीतल्या पोरासारखी, हा कोण, हा नवा दिसतो, हे काय होतं गं आधी, अगोबाई हा अजून आहे! जन्म इथं काढलेली बाई, सासरी जाईपर्यंत या रस्त्याच्या बाहेर फारशी पडली नव्हती. मधेच तिच्या जावेचा फोन आला, तिलापण यायचं होतं मेट्रोनं, भाजणी घ्यायला. आत्यानं रस्त्यात उभं राहून तिला अगदी बारकाईनं पत्ता सांगितला, जिन्यानं वर ये, डाव्या हाताला वळ, मॅजेस्टिकच्या बाजूला, आणि मग थोडं थांबून, इकडंतिकडं बघत, "नाहीतर असं कर, काळी पाटी आहे, सोनेरी अक्षरं."

सोनेरीच केली त्यांनी शेवटी. मी सुचवलेलं दुसरं नाहीच.